केबल सुटली, वेग आलाच नाही: विंच सरावातल्या एका प्राणांतिक अपघाताचा प्रकरण अभ्यास

थोडक्यात घटना

इंग्लंडमधल्या एका ग्लायडिंग क्लबात ‘केबल तुटली तर काय करायचे’ याचा सराव चालू होता. ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, वर ओढायला जमिनीवरचे विंच नावाचे यंत्र केबल गुंडाळते. दोन आसनी ग्लायडर सुमारे साडेतीनशे फुटांवर स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत खाली कोसळण्यात, गेले आणि मैदानाच्या कडेला नाकावर आदळले. पुढच्या आसनावरचा प्रशिक्षणार्थी दगावला. मागे बसलेला प्रशिक्षक मणक्याच्या दुखापतीसह वाचला. केबल तुटलेली नव्हती, विंच बिघडलेले नव्हते, ग्लायडरमध्येही दोष नव्हता. केबल प्रशिक्षकाने मुद्दाम सोडली होती.

क्लब आणि माणसे ओळखू येतील असे काहीही इथे ठेवलेले नाही. खालचा सेकंदांचा हिशेब कुठल्या एका उड्डाणाच्या नोंदयंत्रातला नाही. या सरावात होणाऱ्या अपघातांचा नेहमीचा क्रम एका उड्डाणात मांडला आहे, आणि वेग-उंचीचे आकडे साध्या यांत्रिकीने काढले आहेत.

पार्श्वभूमी

ग्लायडर होते एएसके १३. जर्मनीच्या श्लायशर कंपनीचे हे विमान १९६६ साली पहिल्यांदा उडाले. लाकडी पंख, पोलादी नळ्यांचा सांगाडा, वरून कापड, आणि पंखांचा विस्तार १६ मीटर. युरोपातल्या क्लबांत दोन-तीन पिढ्या याच्यावर शिकल्या. स्वभावाने सालस, पण चुका झाकणारे नाही: चूक केली तर स्टॉल होते, म्हणजे पंखांची उचल जाते, वळणात केली तर स्पिनमध्ये जाते आणि नीट उपाय केला की बाहेरही येते. म्हणूनच ते शिकवायला चांगले. दोघे बसलेले असताना सरळ उड्डाणात ते ३३ नॉटच्या आसपास स्टॉल होते. विंचवर कमाल वेग ताशी १०० किलोमीटर, म्हणजे ५४ नॉट. उतरताना क्लबात ५० नॉट धरायचे.

विंच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, सुमारे हजार मीटरवर. केबल पोलादी. तिच्या टोकाशी छोटे पॅराशूट, मग वीक लिंक (ठरावीक ताणावर मुद्दाम तुटणारा दुवा), मग ग्लायडरच्या पोटातल्या हुकात अडकणारी जोडकडी. केबलच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश उंची मिळते. त्या दिवशी समोरून १२ नॉट वारा होता, म्हणजे हजार-अकराशे फूट सहज मिळाले असते. वारा किंचित डावीकडून होता. हवा स्वच्छ, ढग उंच. एखाद्या प्रशिक्षकाने सरावासाठी मुद्दाम निवडावा असाच दिवस.

प्रशिक्षणार्थीची पन्नासच्या आसपास उड्डाणे झालेली, एकट्याने उडण्याची पहिली वेळ जवळ आलेली. त्याआधी केबल तुटण्याचे सराव पुरे व्हायला हवेत हा नियम, आणि त्याच्या कार्डावर मधल्या उंचीचा रकाना तेवढा रिकामा होता. प्रशिक्षक अनुभवी. त्या दिवसाचे हे त्याचे नववे उड्डाण.

मूळ अडचण: नाक खाली येणे आणि वेग परत येणे या दोन वेगळ्या घटना आहेत

विंचवर पूर्ण चढाईत ग्लायडरचे नाक क्षितिजाच्या वर ३५ ते ४५ अंश असते. वजन आणि केबलची ओढ अशी दोन्ही ओझी पंखांवर असतात. केबल गेली की खेचणारे काही उरत नाही, पण नाक अजून आकाशाकडेच असते. ४० अंशांवर नाक असताना वेग दर सेकंदाला साधारण १२ नॉटने उतरतो. म्हणजे ५० नॉटवर केबल सुटली आणि माणूस दीड सेकंद नुसता चकित होऊन बसला, तर वेगाचा काटा तिशीकडे निघालेला असतो.

मग स्टिक, म्हणजे नियंत्रणाची दांडी, पुढे ढकलली जाते. नाक खाली येताना पोटात गोळा येतो, कारण पंखांवरचा भार जवळपास नाहीसा होतो. इथे एक फसवी गोष्ट आहे. या क्षणी वेग ३२ नॉट असला तरी ग्लायडर स्टॉल होत नाही, कारण पंखांना काही उचलायचेच नसते. सगळे शांत, सुरळीत वाटते. वाऱ्याचा आवाजही कमी झालेला असतो. समोर क्षितिज दिसते, त्याखाली मैदान दिसते, आणि चित्र अगदी नेहमीच्या उतरण्याच्या चित्रासारखे असते. फरक फक्त काट्यात असतो.

नाक क्षितिजाखाली २० अंश ठेवले तर वेग सेकंदाला सहा-साडेसहा नॉटने वाढतो. ३२ वरून ५० वर यायला जवळपास तीन सेकंद आणि सत्तर-ऐंशी फूट लागतात. हे तीन सेकंद काहीही न करता काढायचे असतात. वळायचे नाही, एअरब्रेक (उतार वाढवणाऱ्या पंखांवरच्या फळ्या) उघडायचे नाहीत, स्टिक मागे घ्यायची नाही. आणि नेमके त्याच वेळी ‘काहीतरी कर’ असे अख्खे शरीर सांगत असते.

याची उलट बाजूही आहे. काही जणांना तो पोटातला गोळा म्हणजेच स्टॉल वाटतो आणि ते घाबरून स्टिक आणखी पुढे रेटतात. अशा माणसाला हा सराव देण्याआधी उंचावर भारहीनतेची सवय करावी लागते. या प्रशिक्षणार्थीत ते लक्षण नव्हते.

उड्डाणापूर्वी

ब्रिटिश पद्धतीत उड्डाणापूर्वीच्या तपासणीचे शेवटचे अक्षर ‘ई’: इव्हेंच्युॲलिटीज, म्हणजे काय काय बिघडू शकते आणि मी काय करीन. प्रशिक्षणार्थी पाढा म्हणावा तसे म्हणाला: “पंख सरळ ठेवता आला नाही तर केबल सोडीन. केबल खाली तुटली तर सरळ उतरीन. वर तुटली तर उजवीकडे वळीन.”

चूक काहीच नव्हते. पण वेगाचा एकही आकडा त्यात नव्हता. ‘खाली’ किती आणि ‘वर’ किती, हेही नव्हते. आणि दिशा उजवी सांगितलेली असताना नंतर तो डावीकडे वळला. पाढा तोंडपाठ होता, त्या दिवशीच्या वाऱ्याशी त्याची सांगड घातलेली नव्हती. प्रशिक्षकाने तो ऐकला आणि मान डोलावली.

पहिला निर्णय इथे झाला. सराव करणार हे प्रशिक्षकाने सांगितले नाही. हेतू समजण्यासारखा आहे: खरी केबल सांगून तुटत नाही. पण मधल्या उंचीवर पहिल्याच वेळी पूर्ण अनपेक्षित धक्का देणे आणि पूर्वी शिकवलेल्या कृतीची अनपेक्षित परीक्षा घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या उंचीची कृती या प्रशिक्षणार्थीला कोणी करून दाखवलेलीच नव्हती.

उड्डाण

विंचकडे दिव्याचे लांब झोत, ‘टेक अप स्लॅक’ (ढिली केबल ताणा). केबल ताणली. भरभर लुकलुक, ‘ऑल आउट’ (पूर्ण जोर). पंख धरणारा चार पावले पळाला आणि सोडले. प्रशिक्षणार्थीचा डावा हात रिलीजच्या, म्हणजे केबल सोडायच्या, पिवळ्या मुठीवर होता. हे चांगले, आणि त्याचे महत्त्व वेगळ्या प्रकरणाचा विषय आहे: पंखाचे टोक गवतात अडकले तर ग्लायडर उलथायला एक-दोन सेकंद पुरतात, तेव्हा हात मुठीकडे नेण्याइतका वेळ नसतो.

नाक वर जाणे सावकाश, पाच-सहा सेकंदांत झाले. ब्रिटनमध्ये २००५ साली सुरू झालेल्या सुरक्षित विंच मोहिमेने ज्या गोष्टीवर भर दिला ती हीच. जमिनीजवळ झटकन नाक वर केले तर केबल तुटायच्या आतच पंख स्टॉल होऊ शकतो. इथे तसे झाले नाही.

तीनशे फूट, ५० नॉट, नाक ४० अंश वर. प्रशिक्षकाने मागून रिलीज ओढले. ‘खट्’.

पहिला पाऊण सेकंद: काहीच नाही.

तिसरा-साडेतिसरा सेकंद: स्टिक पुढे, नाक क्षितिजापर्यंत खाली. उरलेल्या वेगाने ग्लायडर पन्नास-साठ फूट आणखी चढून साडेतीनशेच्या आसपास आले. वेग सुमारे ३२.

चौथा सेकंद: नाक क्षितिजाखाली १५ अंश. प्रशिक्षणार्थीला समोर उरलेले मैदान दिसले, त्याच्या टोकाला विंच, विंचजवळ उभ्या दोन गाड्या. मैदान अपुरे वाटले. त्याने डावीकडे वळण घेतले: स्टिक डावीकडे, डावा रडर (पायाने चालणारी, नाक बाजूला वळवणारी शेपटीची झडप) जरा जास्तच, आणि नाक आणखी खाली जाऊ नये म्हणून स्टिक किंचित मागे. काटा ३६ वर होता. तीस अंश कललेल्या वळणात स्टॉलचा वेग ३३ वरून साडेपस्तिसापर्यंत चढतो. पंचेचाळीस अंशांत तो ३९ च्याही वर जातो.

पाचवा सेकंद: डावा पंख आपोआप खाली गेला. प्रशिक्षणार्थीने तो उचलायला स्टिक उजवीकडे नेली. खाली गेलेल्या पंखाचा एलेरॉन (मागच्या कडेची झडप) त्यामुळे खाली झुकला, आणि आधीच स्टॉल झालेला पंख आणखी खोल स्टॉल झाला. नाक जमिनीकडे फिरले.

प्रशिक्षकाने “आय हॅव कंट्रोल” (नियंत्रण माझ्याकडे) म्हणून उलट रडर पूर्ण दाबला आणि स्टिक पुढे नेली. कृती बरोबर होती. पण एएसके १३ एका फेऱ्याच्या स्पिनमधून सरळ होऊन डुबकीतून बाहेर यायला बरीच उंची खाते. फिरणे थांबले होते. डुबकीतून नाक वर यायला उंची उरली नव्हती.

समोर कोणते पर्याय होते

सरळ उतरणे शक्य होते का? हिशेब मांडला तर होते. तीनशे फुटांपर्यंत येताना मैदानाचे सुमारे तीनशे मीटर गेले. नाक खाली आणून वेग मिळवताना आणखी शंभर. पुढे सहाशे मीटर उरले. पूर्ण एअरब्रेक उघडून एएसके १३ साधारण १ ला ६ ने, म्हणजे सहा मीटर पुढे जाताना एक मीटर, उतरते. तीनशे फूट म्हणजे नव्वद मीटर, तेव्हा शांत हवेत ५४० मीटर. पण वारा समोरून १२ नॉट होता, त्यामुळे जमिनीवरचा वेग ३८ आणि अंतर चारशेच्या घरात. जमिनीवर थांबायला उरलेले दोनशे पुरेसे. विंचजवळच्या गाड्यांनी मैदान आखूड दिसले, होते मात्र नाही.

वळून छोट्या फेरीने उतरणे हाही पर्याय होता, पण वेग ५० झाल्यावर. तोपर्यंत उंची २८० च्या आसपास आली असती. एवढ्यात वळून परत येणे अशक्य नाही, अरुंद मात्र आहे. अशा दिवशी अनुभवी वैमानिक सरळच उतरला असता.

तिसरा पर्याय प्रशिक्षकाकडे होता आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोलले जाते: त्याच उंचीवर केबल सोडायचीच नाही. दीडशे फुटांवर सोडली असती तर ‘वळावे का’ हा प्रश्नच उभा राहिला नसता, सातशेवर सोडली असती तर चूक दुरुस्त करायला जागा मिळाली असती. तीनशे ही अशी उंची आहे जिथे दोन्ही उत्तरे शक्य दिसतात, आणि शिकाऊ माणसाला निवड करायला लावण्यासाठी ती सर्वांत वाईट.

प्रशिक्षकाच्या तीन खिडक्या

चर्चा बहुतेक वेळा ‘त्याने वळायला नको होते’ इथे येऊन थांबते. प्रशिक्षणार्थी चुकणार हे गृहीत धरूनच मागे प्रशिक्षक बसवलेला असतो. त्याच्या हातात तीन संधी होत्या.

पहिली, केबल सोडण्याआधी, अमर्याद वेळेची. दुसरी, नाक क्षितिजाखाली आल्यावर: “थांब, वेग बघ” एवढे तीन शब्द. तो बोलला नाही, कारण परीक्षा चालू होती आणि उत्तर सांगायचे नव्हते. तिसरी, डावा रडर पुढे गेला त्या क्षणी. ती अर्ध्या-पाऊण सेकंदाची होती. मागच्या आसनावर दुसरे रडर पेडल असते, पाय हलके टेकलेले असले तर पुढच्याचा पाय दबलेला लगेच कळतो. प्रशिक्षकाचे पाय पेडलवर नव्हते, ग्लायडरच्या तळावर होते. नवव्या उड्डाणाला माणूस पाय मोकळे सोडतो.

तिसऱ्या खिडकीवर विसंबून सराव आखायचा नाही, हा या प्रकरणातला आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. बघायचे, ओळखायचे, बोलायचे, पकडायचे, फिरवायचे: याला सरावलेल्या माणसालाही एक ते दीड सेकंद जातो. तेवढ्यात पंख स्टॉल झालेला असतो.

अपघातानंतर लगेच

विंच चालकाने केबल पडताना पाहिली, इंजिन बंद केले आणि ड्रम थांबवला. मैदानावरची सगळी उड्डाणे थांबली, हवेतल्यांना रेडिओवरून दुसऱ्या बाजूला उतरवले. ९९९ ला फोन केला आणि फाटकावर रुग्णवाहिकेची वाट दाखवायला माणूस उभा केला. मैदानाला पत्ता असतो, पण आत कुठून शिरायचे हे बाहेरच्याला कळत नाही. जखमी प्रशिक्षकाला हलवले नाही. आगीचा धोका नव्हता, कारण ग्लायडरमध्ये इंधन नसते.

अवशेषांना हात न लावणे, उड्डाणनोंदी आणि दुरुस्तीच्या वह्या बाजूला काढणे, केबलचे टोक वीक लिंकसकट जागच्या जागी राहू देणे ही कामे एका माणसावर सोपवली. प्राणांतिक अपघाताचा तपास तिथे सरकारी अपघात अन्वेषण शाखेकडे जातो. तपासात वीक लिंक अखंड, हुक नीट, नियंत्रणाच्या सळ्या-तारा जोडलेल्या आढळल्या.

क्लबाने काय बदलले

क्रम बदलला. सुरुवात आता विंचवर होत नाही. दोन हजार फुटांच्या वर, एअरोटोने, म्हणजे इंजिनाच्या विमानामागे ओढून, नेऊन, नाक ४५ अंश वर करायचे, वेग ५० वर आला की ‘तुटली’ म्हणायचे आणि नाक खाली घ्यायचे. काटा कुठपर्यंत उतरतो आणि परत यायला किती वेळ लागतो हे मोठ्याने मोजायचे. मग तेच पुन्हा, आणि या वेळी ३६ वर मुद्दाम वळायचे. पंख कसा जातो हे एकदा उंचावर पाहिलेला माणूस खाली थांबतो. हा धडा फळ्यावर होत नाही.

त्यानंतर विंचवर, सातशेच्या वर. मग जमिनीजवळ, जिथे सरळ उतरण्यावाचून पर्यायच नसतो. मधली उंची सर्वांत शेवटी, प्रशिक्षकाने आधी स्वतः करून दाखवल्यावर, आणि त्या दिवशीच्या वाऱ्यात सरळ उतरायला मैदान पुरते हे पावलांनी नाही तर आकड्यांनी तपासल्यावर.

‘ई’ आता अशी म्हणतात: “केबल गेली तर नाक खाली. पन्नास दिसेपर्यंत वळणार नाही, ब्रेक नाही. पन्नास दिसले की आधी सरळ बघेन. आज समोरून बारा वारा आहे, तीनशे फुटांपर्यंत सरळच उतरेन.” वेगदर्शकावर ५० ला पिवळ्या टेपचा बारीक तुकडा लावला आहे, दोन्ही आसनांवर. सरावात प्रशिक्षणार्थीने ‘पन्नास’ हा शब्द उच्चारल्याखेरीज रडर हलला तर प्रशिक्षक नियंत्रण घेतो. कारण विचारत नाही, नंतर खाली बोलतो. पाय पेडलवर.

प्रशिक्षकांसाठी दिवसाला सहा उड्डाणांची मर्यादा सुचवली गेली. ती वादात अडकली, कारण शनिवार-रविवारी माणसे कमी असतात. शेवटी सहाव्यानंतर सराव-केबलतूट नाही, एवढ्यावर तडजोड झाली.

भारतात वाचताना

पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमुळे विंचवरचे ग्लायडर मराठी वाचकाला अनोळखी नाही. वरचे आकडे समुद्रसपाटीच्या आसपासच्या थंड हवेतले आहेत. पुणे साडेपाचशे मीटरच्या पुढे आहे आणि एप्रिलच्या दुपारी पारा पस्तीसच्या वर असतो. काट्यावरचा स्टॉलचा आकडा तोच राहतो, पण त्याच काट्याला हवेतला खरा वेग सात-आठ टक्के जास्त असतो. वळणाचा घेर वाढतो, उतरल्यावर थांबायचे अंतरही वाढते. तेव्हा ‘तीनशे फुटांवर सरळ उतरायला मैदान पुरते’ हा हिशेब इंग्लंडमधून उचलून आणायचा नसतो. मैदान, विमान, वारा आणि तापमान घेऊन तो इथेच मांडायचा.

अजून न सुटलेले

केबल सोडावी कोणी, यावर क्लबात एकमत नाही. प्रशिक्षकाने रिलीज ओढले की ‘खट्’ आवाज येतो, झटका बसतो, केबल गेल्याचे कळते. विंच चालकाने हळूहळू शक्ती कमी केली तर तसले काही होत नाही. नाक वर, केबल अडकलेली, ओढ मंदावत जाते आणि काटा गुपचूप उतरत राहतो. बिघाड ओळखायलाच दोन-तीन सेकंद जातात, आणि नाक खाली आणल्यावर रिलीज ओढायचे हे विसरले जाते. खऱ्या विंचमध्ये इंजिन दम टाकते तेव्हा असेच होते, म्हणून तो सराव काढून टाकलेला नाही. तो आता सातशे फुटांच्या वरच होतो, आणि त्या उड्डाणापूर्वी विंच चालकाला रेडिओवर कितव्या उंचीला शक्ती कमी करायची ते सांगितले जाते. चालक ते वहीत लिहितो आणि परत वाचून दाखवतो.